पूर्णेची शीव

पाण्यावर लिहायचं म्हटलं की आपल्या लोकांची लेखणी सरळ महाडला जाते. जायलाच पाहिजे. पण महाडची गोष्ट आपण नेहमी ओंजळीपाशी थांबवतो. २० मार्च १९२७, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, मागून हजारोंनी घेतलं, मग लाठ्या नि दगड. एवढं वस्तीतल्या पोरासोरांनाही पाठ आहे. त्याच्या मागंपुढं जे कागद फिरले ते मात्र कुणी फारसं बघत नाही. मी नाइट संपवून आल्यावर ते एकेक करून वाचले आणि मला माझ्याच तालुक्याची नदी समजायला लागली.

कागद असे. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला. सरकारी पैशावर चालणाऱ्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. ५ जानेवारी १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केलं, कागदावर. तीन वर्षांनी माणसं खरोखर प्यायला गेली तर मार पडला. ४ ऑगस्ट १९२७ ला, बोले ठरावाला दिवस मोजून चार वर्षं झाली तेव्हा, त्याच नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला तर दिवाणी कोर्टाची मनाई आली. परिषद भरली, मनुस्मृती जळाली, पण तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब करावा लागला. मग खालचं कोर्ट, त्याच्या वरचं कोर्ट, असं करत १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं सांगितलं की सवर्ण ज्या रूढीचा दाखला देतात ती अनादी असल्याचं सिद्ध होत नाही. झालं. कायदेमंडळानं दिलं, नगरपालिकेनं दिलं नि काढून घेतलं, कोर्टानं अडवलं नि कोर्टानंच सोडलं. बोले ठरावापासून मोजले तर जवळजवळ चौदा वर्षं. आणि या सगळ्या वर्षांत तळं तिथंच होतं, पाणीही तिथंच होतं.

महाडला पाणी भरपूर होतं, तरी ही तऱ्हा. जिथं पाणीच कमी तिथं काय होत असेल?

मी धावड्याचा. तालुका भोकरदन, जिल्हा जालना. अजिंठ्याच्या डोंगराचा शेजार, आणि थोडं पुढं गेलं की बुलढाणा जिल्हा. पोटासाठी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एका रोलिंग मिलवर आहे. शाळा दहावीला सुटली. इतिहास मला कुणी शिकवला नाही, म्हणून मी तो जिथं दिसेल तिथून उचलतो. तज्ज्ञांनी हसायचं असेल तर हसावं.

आमच्या डोंगराच्या पलीकडं पडलेला पाऊस वाघूर नदीतून तापीला जातो, अलीकडं पडलेला पूर्णेला. पूर्णाही दोन आहेत. एक सातपुड्यातून येऊन तापीला मिळणारी, दुसरी आमची, गोदावरीची. आमची पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगवते, भोकरदन-जाफ्राबादकडून बुलढाणा जिल्ह्यात शिरते, आणि तिथून पुन्हा मराठवाड्यात येऊन परभणीकडं गोदावरीत जाते. भोकरदनच्या अंगानं वाहणारी केळणा जाफ्राबादला तिला मिळते. म्हणजे नदी एका घरातून निघून शेजारच्या घरात जाऊन परत आपल्याच घरात येते. नदीला त्यात काही वावगं वाटत नाही. वावगं वाटतं ते शीव आखणाऱ्याला.

शीव हा आपल्या लोकांच्या ओळखीचा शब्द आहे. जुन्या गावगाड्यात दोन गावांत शिवेचा तंटा पडला की महाराला पुढं बोलवायचे. शिवेवरचा दगड कुठं आहे हे त्याला ठाऊक असायचं, त्याचा शब्द पुरावा धरायचे. गावाची हद्द सांगायला महार चालायचा. त्याच हद्दीतल्या विहिरीला हात लावायला चालायचा नाही. १९५८ च्या कायद्यानं ते वतन गेलं, बरं झालं. पण शीव आखायचं काम थांबलं नाही, ते कचेऱ्यांनी घेतलं.

पूर्णेवरची पहिली मोठी शीव इंग्रजांच्या काळातली. १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १९०२ मध्ये त्याचा कायमचा भाडेपट्टा झाला आणि वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराला जोडलं गेलं. भोकरदन निजामाकडं राहिलं, बुलढाणा इंग्रजांकडं. त्यामुळं पुढं पाटबंधाऱ्याचे कायदेही एका नदीवर दोन झाले. मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३१ चा, हैदराबाद संस्थानात १३५७ फसलीचा, म्हणजे आपल्या हिशेबानं १९४८ च्या आसपासचा. तिकडं मुंबई इलाख्यात तिसराच, १८७९ चा. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम गेला. १ नोव्हेंबर १९५६ ला वऱ्हाड आणि मराठवाडा दोन्ही द्विभाषिक मुंबईत आले, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. तरी तिन्ही कायदे १९७६ पर्यंत आपापल्या मुलखात चालत राहिले. १९७६ ला महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम आला आणि पूर्णा पहिल्यांदा एका कायद्याखाली आली. त्या कायद्याचे नियम करायला मात्र सरकारला पुढं कित्येक दशकं सवड मिळाली नाही. कायदा नवा नि नियम कालवेवाल्या गोऱ्या साहेबाच्या वेळचे, असा संसार चालला.

आता पुढचं बघा. एक कायदा होऊन वीसेक वर्षं झाली तोच शीव परत आली. १९९६ मध्ये कृष्णेचं वाट्याचं पाणी २००० सालाच्या आत अडवायचं म्हणून महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ काढलं, बाजारातून रोखे काढून पैसा उभा केला. मग इतर भागांनी विचारलं, आमचं काय? विचारणं चूक नव्हतं. दांडेकर समितीनं १९८४ मध्येच अनुशेष मोजून दाखवला होता, मराठवाडा नि विदर्भ मागं पडलेत हे सरकारी आकड्यानं सिद्ध होतं. १९९४ पासून वैधानिक विकास मंडळं होती, निधीच्या वाटपाबद्दल राज्यपालांचे निर्देश निघत होते, आणि मंत्रिमंडळ ते पाळतं की नाही यावर वेगळंच भांडण चालू होतं. त्या सगळ्यातून १९९७ ला विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ आणि १९९८ ला गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ झालं. पैसा वाटायला ही सोय ठीक असेल. पण पाणी? बुलढाणा विदर्भात, जालना मराठवाड्यात, पूर्णा दोघांत. १८५३ ची शीव होती जवळजवळ त्याच जागी पुन्हा उभी राहिली, फक्त तहाच्या जागी महामंडळाचा कायदा आला.

२००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला तेव्हा याच महामंडळांना 'नदी खोरे अभिकरण' असं नाव दिलं. मी हे दोनदा वाचलं. ज्याची हद्द नदी बघून आखलेलीच नाही त्याला नदी खोऱ्याचं अभिकरण म्हणायचं! आमच्याकडं उंटाला म्हैस म्हटलं म्हणून कुणी धार काढायला बसत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजाजवळ पूर्णेवर खडकपूर्णा धरण झालं. त्याच्या जलाशयाला संत चोखासागर म्हणतात, कारण चोखोबांचं जन्मगाव मेहुणाराजा त्याच तालुक्यात. नाव वाचून पहिल्यांदा छाती भरून आली, खोटं कशाला सांगू. चोखोबा मंगळवेढ्याला गावाचं कुसू बांधण्याच्या वेठीवर असताना भिंत कोसळून गेले असं परंपरा सांगते. म्हणजे ते मेले तेसुद्धा शिवेच्या भिंतीखाली. त्यांच्या नावाच्या पाण्याला तरी शीव नसावी असं वाटतं. पण २०१८ च्या सुमारास खडकपूर्णातून जालना जिल्ह्यातल्या गावांना पिण्याचं पाणी न्यायची योजना पुढं आली तेव्हा देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडं त्याला विरोध झाला. तिकडच्या लोकांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडंही उन्हाळ्यात टँकर येतो. धरण बांधलं त्यांच्या शेतात, नि नळ जातोय परजिल्ह्यात, हे बघून कुणाचंही डोकं फिरेल.

यातली गंमत अशी की या भांडणात आम्ही नदीच्या वरच्या अंगाला आहोत. जायकवाडीच्या भांडणात मराठवाडा खाली, नाशिक-नगर वर, म्हणून वरचा अडवतो नि खालचा तडफडतो, हे सगळ्यांना समजतं. पूर्णेवर आमचं पाणी आमच्या रानातून वाहून खाली जातं, खाली साठतं, आणि मग तेच पाणी पंपानं उलटं वर चढवायचं म्हणून आम्ही अर्ज करतो. खडकपूर्णाच्या खाली जिंतूरजवळ येलदरी आहे, १९६८ चं धरण, सुमारे ९३४ दलघमी पोटाचं. वर खडकपूर्णा झाल्यावर येलदरी पूर्वीसारखी भरत नाही अशी ओरड परभणी-हिंगोलीकडून असते. खडकपूर्णा विदर्भाच्या महामंडळाचं, येलदरी मराठवाड्याच्या. एकाच नदीवर एकाखाली एक दोन धरणं, आणि दोघांचे मालक वेगळे.

धरणाचा मालक एक खातं, जलसंपदा. पिण्याची योजना आखणारं दुसरं, पाणीपुरवठा. त्याच्या हाताखाली महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आणि गावपातळीला जिल्हा परिषद. धरणातलं पिण्यासाठी किती राखायचं ते ऑक्टोबरच्या साठ्यावर ठरवतात, त्यात जिल्हाधिकारी आले, म्हणजे महसूल. पंपाची वीज महावितरणची. नळ आला तरी विजेचं बिल ग्रामपंचायतीनं भरायचं. योजना बंद पडली की यातला प्रत्येक जण खरं बोलतो. जलसंपदा म्हणते, पाणी राखून ठेवलंय. पाणीपुरवठा म्हणतो, पाइप टाकलाय. महावितरण म्हणतं, थकबाकी आहे. हंडा मात्र रिकामा.

धरणाच्या खाली उतरलं तर आणखी मौज. महाराष्ट्रात पाण्याला हेक्टरावर जात आहे. तलावाखाली शंभर हेक्टरपर्यंत भिजत असेल तर तो जिल्हा परिषदेचा. एकशे एक ते अडीचशे असेल तर लघुसिंचन-जलसंधारणवाल्यांचा. अडीचशेच्या वर गेला की पाटबंधारे खात्याचा. २०१७ मध्ये मृद व जलसंधारण असं वेगळं खातंच काढलं, त्याचं आयुक्तालय तेव्हाच्या औरंगाबादला नेलं, आणि सहाशे हेक्टरपर्यंतची कामं त्याच्याकडं दिली. नदी वाहताना हेक्टर मोजत नाही. वरच्या ओढ्यावर जिल्हा परिषदेनं बंधारा घातला, त्याच्या खाली जलसंधारणनं पाझर तलाव केला, त्याच्या खाली जलसंपदाचं मध्यम धरण. आमच्या तालुक्यात जुई आणि धामणा अशी दोन मध्यम धरणं आहेत. वरचं प्रत्येक काम खालच्याचा येवा कमी करतं. एकाच ओढ्याचं पाणी प्रत्येकानं आपापल्या फाइलीत धरायचं म्हटलं तर फाइलीत भरपूर पाणी होतं आणि ओढ्यात होत नाही.

ते पाझर तलाव कुणी खांदले हेही सांगितलं पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात आमची आजी खडी फोडायला नि तलावाच्या मातीकामाला होती. त्याच दुष्काळातून रोजगार हमी आली, १९७७ ला तिचा कायदा झाला. भूमिहीन माणसाला हक्काचं काम देणारा तो कायदा मी मोठाच मानतो. पण पाझर तलावाचं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या अंगाच्या विहिरीत निघतं. ज्याची जमीन त्याची विहीर. आजीच्या वाट्याला मजुरी आली, सुकडी आली, आणि मुरलेलं पाणी दुसऱ्याच्या रहाटाला गेलं. त्याच साली बाबा आढाव 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावोगाव फिरत होते. सरकारच्या एका खात्यानं पाणी जमिनीत मुरवलं, नि ते वर काढायचा हक्क कुणाला हा प्रश्न कुठल्याच खात्याचा नव्हता.

भूजलाचे कायदे नंतर झाले. १९९३ चा कायदा म्हणायचा की सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर, बोअर नको. जागा मोजायची भूजल सर्वेक्षणवाल्यांनी, बंदी घालायची महसूलच्या अधिकाऱ्यानं, आणि त्याच पाचशे मीटरमधल्या मोटारीला वीज देणारं खातं तिसरं, त्याला मीटर म्हणजे विजेचं मीटर एवढंच ठाऊक. २००९ मध्ये नवा मोठा कायदा केला, तो अंमलात यायला २०१४ उजाडलं, नियमांचा मसुदा निघायला २०१८.

एका उन्हाळ्यात आमच्या वस्तीचा हातपंप कोरडा पडला. माय नि आणखी चार बाया अर्ज घेऊन तालुक्याला गेल्या. एका कचेरीत सांगितलं, हातपंप आमचा पण पाणी नाही त्याला आम्ही काय करणार, विहीर अधिग्रहित करून घ्या. दुसऱ्या कचेरीत म्हणाले, अधिग्रहण आम्ही करू पण प्रस्ताव तिकडून यायला पाहिजे. तिसरीकडं विचारलं, टँकरच्या यादीत वस्तीचं वेगळं नाव आहे का? गावाचं नाव होतं. वस्तीचं नव्हतं. अकरा दिवसांनी एक खाजगी विहीर अधिग्रहित झाली. सरकार मालकाला रोजाचं भाडं देणार. मालक म्हणाला, पाणी घ्या, पोहरा मात्र आमचा माणूस ओढील, तुमचा आत सोडू नका. माय मला फोनवर म्हणाली, "बापू, कागदावर हीर सरकारची झाली म्हणं. मग दोर कोणाचा?" मी तेव्हा ड्यूटीवर होतो. तापून लाल झालेल्या सळईच्या रुळांवर पाण्याची धार चालू होती, रुळ थंड राहावेत म्हणून. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्यानंतरचा नंबर कारखान्याचा होता, शेती तिसरी. २०११ मध्ये तो क्रम फिरवून शेती दुसरी केली. पहिला नंबर दोन्ही वेळी पिण्याचाच. त्या पहिल्या नंबरच्या पाण्यासाठी पाच बाया तालुक्याला अकरा दिवस फिरत होत्या.

इथं मला बाबासाहेबांकडं परत यावं लागतं, पण तळ्यावरच्या नव्हे. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४३ च्या पुरात दामोदर नदीनं बंगालात हाहाकार केला. पाणी बिहारच्या डोंगरात पडतं, बुडतं बंगालात. दोन्ही प्रांत एकमेकांकडं बोट दाखवणार. ३ जानेवारी १९४५ ला कलकत्त्याला परिषद झाली, अध्यक्ष बाबासाहेब. नदीचं खोरं हा एक नग धरायचा, पूर, सिंचन, वीज, वाहतूक यांचा विचार एकत्र करायचा, आणि त्यासाठी प्रांतांच्या वर एक अधिकार ठेवायचा, असा तो विचार. त्यातून १९४८ ला दामोदर खोरे महामंडळ झालं. त्याच खात्याच्या काळात, १९४५ मध्ये, केंद्रात जलमार्ग-सिंचनाचा आयोग स्थापन झाला. पुढं घटनेत पाणी राज्यांच्या यादीत गेलं, पण आंतरराज्य नद्यांचं नियमन केंद्राच्या यादीत ठेवलं, तंट्यांसाठी २६२ वं कलम घातलं. १९५६ ला नदी मंडळांचा कायदाही झाला. त्या कायद्याखाली आजवर एकही नदी मंडळ स्थापन झालेलं नाही.

आपले पुढारी जयंतीला बाबासाहेबांचा जलनीतीकार म्हणून फोटो लावतात. लावा. पण ते राज्या-राज्यांतल्या शिवेबद्दल बोलत होते. एका राज्याच्या आत दोन महामंडळं, आणि एका तालुक्याच्या आत पाच खाती होतील हे त्यांच्या हिशेबात कशाला असेल?

जायकवाडीवाल्यांनी एक गोष्ट करून दाखवली आहे. २००५ च्या कायद्यात तुटीच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्यांनी तूट वाटून घ्यायची असं कलम आहे. ते कलम कित्येक वर्षं पडून होतं. मेंढेगिरी समितीनं २०१३ मध्ये त्याचं कोष्टक मांडलं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत पासष्ट टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरून सोडायचं. २०१४ ला प्राधिकरणानं आदेश काढला, २३ सप्टेंबर २०१६ ला हायकोर्टानं तो उचलून धरला. तरी २०२३ मध्ये ८.६ टीएमसी सोडायचा आदेश ३० ऑक्टोबरला निघाला नि पाणी हललं ते नोव्हेंबरच्या अखेरीला. मधे मोर्चे, पत्रं, दिल्लीचं कोर्ट. मंत्रिमंडळ एकच, पण नाशिकचा मंत्री एक बोलणार, मराठवाड्याचा दुसरं.

याच कायद्यानं राज्याचा एकात्मिक जल आराखडा करायला सांगितलं होतं, आणि तो बघायला मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य जल परिषद. आराखडा नसताना प्रकल्पांना मंजुऱ्या दिल्या म्हणून जलतज्ज्ञ प्रदीप पुरंदरे यांनी औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका केली. त्यानंतर, २०१५ मध्ये, जल परिषदेची पहिली बैठक झाली. कायदा २००५ चा. दहा वर्षं ज्यांनी एका टेबलाला बसायचं ते बसलेच नव्हते.

म्हणून जायकवाडीचा धडा मला अर्धाच वाटतो. कोर्टात गेल्यावर कलम हलतं, हे खरं. पण त्या कोष्टकात धरणं मोजलेली आहेत. या धरणातून त्या धरणात. धरणातून वस्तीपर्यंतचं कोष्टक कुणी मांडलेलं नाही, आणि ते मांडायला पासष्ट टक्क्यांसारखा एखादा आकडा आपल्याकडंही पाहिजे. नुसतं 'आम्हाला पाणी द्या' म्हटलं की पाचही खाती मान डोलावतात.

वस्तीतल्या आम्ही सात-आठ जणांनी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज तयार केलेत. प्रश्न चारच. वस्तीचा पिण्याचा स्रोत कुठल्या खात्याच्या दप्तरी नोंदलेला आहे. त्याच्या पाचशे मीटरच्या आत १९९३ नंतर किती विहिरी-बोअर झाल्या नि त्यांना वीज कुणी दिली. टंचाई आराखड्यात वस्तीचं नाव गावापासून वेगळं आहे काय. अधिग्रहित विहिरीवर पोहरा टाकायचा हक्क लेखी कुणाला दिलेला असतो. अर्जाला दहा रुपयांचा स्टँप लागतो. चारही प्रश्न एका कचेरीत घेत नाहीत, म्हणून अर्ज चार ठिकाणी करावे लागले, आणि दोनदा भोकरदन, एकदा जालना अशा खेपा झाल्या. विजेचा प्रश्न अजून द्यायचा आहे, तो पुढच्या सुट्टीत. ज्यांना आपापल्या वस्तीसाठी हे करायचं असेल त्यांनी अंकाच्या पत्त्यावर लिहावं, अर्जाची नक्कल पाठवू.